मुनशीजींच्या भिंती

खोल्या दाखवण्याआधी त्यांनी माझी नखं बघितली.

"हे काय आहे?"

"गेरू. शाळेत मुलींबरोबर कुंड्या रंगवत होते."

"असं," ते म्हणाले आणि हातातली किल्ली परत खिशात टाकली. मला वाटलं, गेल्या खोल्या. पण ते हलले नाहीत. दारातच उभं राहून अर्धा तास प्रश्न विचारत राहिले. गाव कोणतं, वडील काय करतात, मालक काय करतात. गाव कन्नडकडचं म्हटल्यावर ते सावध झाले, कारण तेही तिकडचेच. वडील मेंढ्या राखतात म्हटल्यावर थोडे सैल झाले. नवरा फर्दापूरच्या विश्रामगृहात नोकरीला आहे आणि शनिवारी येतो म्हटल्यावर पुन्हा ताठ झाले.

"मग बाकीचे दिवस घरी कोण?"

"मी."

"एकट्या?"

"एकटी."

त्यांनी नखांपासून चेहऱ्यापर्यंत माझ्याकडं बघितलं. मग किल्ली काढली. "तुमचं सगळं चोख दिसतं, बाई. म्हणूनच मला शक येतो. पण राहा. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. भिंतीला हात लावायचा नाय. आणि मला मालक म्हणायचं नाय. मुनशीजी म्हणा."

औरंगपुऱ्याच्या मागच्या बोळात ते घर होतं. रस्त्याला लागून एक अंधारी खोली, मग फरसबंद चौक आणि त्याच्या पलीकडं दोन ऐसपैस, उजेडाच्या खोल्या. उजेडाच्या खोल्या आम्हाला भाड्यानं दिलेल्या आणि घरधनी स्वतः त्या बाहेरच्या अंधाऱ्या खोलीत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांची खाट दाराला आडवी टाकलेली असायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांच्या पायांना वळसा घालूनच चौकात यावं लागे. निजामावरच्या पोलिस ॲक्शनला तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षं झाली होती, पण गल्लीतली म्हातारी माणसं अजून काळ मोजताना "ॲक्शनच्या आधी" आणि "ॲक्शननंतर" असंच मोजत. मुनशीजी ॲक्शनच्या आधीपासून त्या बाहेरच्या खोलीत आहेत, एवढं मला कळलं होतं.

संशय हा त्यांचा स्वभाव होता, की व्यसन, मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. नळाखालची बादली ते कडीला साखळीनं बांधून ठेवत. दूधवाला माप ओतायचा तेव्हा ते दुधाकडं न बघता त्याच्या चेहऱ्याकडं बघत. दर आठवड्याला एकदा "येऊ का" म्हणून आत येत आणि बोटाच्या पेरानं भिंती वाजवत फिरत. टक, टक, टक. कान लावून ऐकत. मी कॅलेंडर खिळ्याला न लावता खिडकीच्या गजाला दोऱ्यानं बांधलं होतं. ते त्यांनी उचलून मागची भिंत बघितली.

"खिळा नाय मारला," मी म्हटलं.

"तेच बघतोय. का नाय मारला?"

पत्राचं त्यांचं निराळंच. पोस्टमन आला की ते पाकीट हातात घेत नसत. "बाई, शिक्का कुठला आहे बघा. माझी नजर चालत नाय." दहा हातांवरून भिंतीतला खिळा शोधणारी नजर पाकिटावर मात्र चालत नसे. मी कन्नड किंवा जालना म्हटलं की हात पुढं करत. एकदा गंमत म्हणून मी हैदराबाद म्हटलं. ते खाटेवरून उठून उभे राहिले आणि पाकीट न घेताच चौकात जाऊन नळ सोडून बसले. पत्र नांदेडचं होतं. मी तसं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा तशी गंमत करायची हिंमत झाली नाही. पण मीही त्या दिवसापासून त्यांच्यावर नजर ठेवायला लागले.

दरवर्षी दसऱ्याच्या आधी ते सगळं घर स्वतः पांढरं करत. मजूर लावत नसत. चुन्यात भरपूर नीळ घालून, अंगावर फाटकं धोतर, डोक्याला टॉवेल, साठी उलटलेला माणूस शिडीवर चढून आतून-बाहेरून एकेक भिंत दोन-दोन हात मारून काढी. चुन्यानं हात फुटून रक्त येई, तरी दुसऱ्याला कुंचा धरू देत नसत. आमच्या खोल्या रंगवायच्या दिवशी मला म्हणत, "तुम्ही शाळेत जा. सुट्टी काढू नका."

गल्लीत बोललं जाई की भिंतीत सोनं आहे. मी शिकलेली बाई, शाळेत मुलींना शास्त्र शिकवायची. पण एक दिवस घरात कोणी नाही असं बघून मीही पेरानं भिंत वाजवून बघितली. शनिवारी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "सोनं असतं तर भाडेकरू कशाला ठेवले असते?"

"राखणीला," मी म्हटलं. माझा खरंच विश्वास बसला होता.

त्या निळसर पांढऱ्या रंगानं मला मात्र पहिल्या दिवसापासून गारठल्यासारखं होई. दवाखान्यात राहिल्यासारखं. आमच्या गावाकडं घर छोटं, पण आई दर सणाला खाली गेरू आणि वर पिवळी माती लावायची. दोन्हींच्या मधून पांढऱ्या मातीची बोटभर रेघ. हिवाळ्यात शेकोटी नसली तरी त्या भिंतीपाशी बसलं की ऊब वाटे. इथं भिंतीला हात लावायचा नाही, तर मी भिंत सोडून बाकी सगळं बदलायचं ठरवलं. वडिलांनी दिलेली काळी-तपकिरी घोंगडी जमिनीवर अंथरली. कोपऱ्यात बिनरंगाचे मातीचे माठ मांडले. डाळिंबाच्या साली उकळून त्या पाण्यात मांजरपाटाचे पडदे बुडवले. भांडं चौकात स्टोव्हवर ठेवलं होतं, वासानं मुनशीजी आले.

"काय शिजतंय?"

"पडदा."

ते तिथंच बसले. पडदा पिळून दोरीवर टाकेपर्यंत उठले नाहीत. पिवळा-तपकिरी रंग उन्हात उजळत गेला तसे ते तोंड फिरवून आपल्या खोलीत गेले.

नवऱ्याला मी फर्दापूरहून माती आणायला सांगितलं. तिकडं घाटात रस्त्यासाठी डोंगर फोडला होता, त्यात तांबडी आणि पिवळी दोन्ही माती निघत होती. त्यानं एस. टी.त दोन पोती घालून आणली. मुनशीजींनी दारातच पोती सोडायला लावली. मूठभर माती काढून बोटांतून सोडली. वास घेतला.

"शहरात माती नाय का?"

"कुंड्यांसाठी आहे," मी म्हटलं. ती पाकिटाची गंमत सोडली तर त्या घरात मी बोललेलं ते पहिलं खोटं. त्यांना ते कळलं असावं, पण त्यांनी पोती आत जाऊ दिली.

मग त्यांच्या भाचीचं लग्न निघालं, कन्नडला. चार दिवस जाणं भाग होतं. निघताना त्यांनी स्वतःच्या खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघितलं. स्टँडवर जाऊन पुन्हा परत आले, चौथ्यांदा ओढलं आणि मला म्हणाले, "कोणी आलं, काय विचारलं, तर मला काय ठाऊक नाय म्हणायचं."

"कोण येणार आहे?"

"कोणी नाय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही दोघांनी आतल्या खोलीची एकच भिंत घ्यायची ठरवली. एकच. नंतर पाहिजे तर त्यांच्यादेखत पांढरी करून देऊ, असं मी नवऱ्याला म्हटलं आणि स्वतःलाही पटवलं. माती भिजवून जुन्या लुगड्यातून गाळली, डिंकाचं पाणी घातलं. कंबरेइतका गेरू, वर पिवळी माती, मधून पांढरी रेघ. संध्याकाळपर्यंत भिंत सुकली. ऊन खिडकीतून त्या भिंतीवर आलं आणि सगळी खोली मधासारखी झाली. मी घोंगडीवर बसून नुसती बघत राहिले. त्या शहरात पहिल्यांदाच आपण कुणाच्या घरात नाही, आपल्या घरात आहोत असं वाटलं.

समोरच्या घरात खाला, म्हणजे सगळ्या गल्लीच्या मुसलमान मावशी, राहायच्या. सत्तरीच्या, एकट्या. वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. भिंतीकडं बघत राहिल्या.

"ये तुमको कौन बोला?"

"काय, खाला?"

"ऐसाइच लगाने को."

"कोणी नाही. आमच्या गावाकडं असंच लावतात."

त्यांनी वाटी खाली ठेवली. "कुछ नै, बेटी," म्हणाल्या आणि न बसता निघून गेल्या. एरवी खाला आल्या की चहा घेतल्याशिवाय हलत नसत. या भिंतीचं काहीतरी आहे आणि ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे, असं वाटायला लागलं.

मुनशीजी बुधवारी आले. मी स्वतःच सांगायचं ठरवलं होतं, पण त्यांना चौकातूनच उघड्या दारातून दिसलं. पिशवी हातात तशीच. मी शब्द जुळवत होते. मला वाटलं, आता ओरडतील. ते उंबऱ्यावर बसले. अगदी हळू विचारलं, "कोण आलं होतं?"

"कोणी नाही आलं."

"मग तुम्हाला हे कोणी सांगितलं? ही रेघ कोणी सांगितली?"

"माझी आई असंच लावते, मुनशीजी."

"खोटं बोलू नका. तुम्ही कुणाचं माणूस आहात? हैदराबादेहून कुणी धाडलं तुम्हाला?"

ते उठले. "आठ दिवसांत खोल्या खाली करा," म्हणाले आणि भिंतीला धरत धरत बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी खालांकडं गेले आणि सांगितल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

ते घर मुनशीजींचं नव्हतं. एका मुसलमान वकिलांचं होतं. मुनशीजी त्यांच्याकडं लिखापढीला होते आणि बाहेरच्या खोलीत भाड्यानं राहत. आतल्या खोल्या वकिलांच्या बेगम स्वतः रंगवून घेत. खाली गेरू, वर पिवळी माती, मधून पांढरी रेघ. त्यांची आई खेड्यातली, तिचा रंग. खालांनी स्वतः त्यांना माती कालवून दिली होती.

"ॲक्शन के बाद वो दिन आए," खाला म्हणाल्या. बाहेरगावची माणसं गल्लीत हिंडायला लागली. मुसलमानाचं घर कोणतं, विचारत. वकील, बेगम आणि त्यांची मुलगी आतल्या खोलीत दार लावून बसली होती. माणसं वकिलांच्या दाराशी आली तेव्हा मुनशीजी बाहेर उभे राहिले आणि म्हणाले, हे घर माझं आहे. माणसांना पटेना. पुन्हा येतो म्हणून गेली. तेव्हा मुनशीजींनी चुना आणला आणि एका दिवसात सगळं घर पांढरं केलं. दारावरची उर्दू अक्षरंसुद्धा. नवं घर घेतलं की माणूस आधी रंग बदलतो, म्हणून. दुसऱ्या दिवशी माणसं आली, ओला चुना बघितला आणि गेली.

"तीन जान बचाई उसने," खाला म्हणाल्या. "मैं झूठ नै बोलूंगी."

मग वकील कुटुंबाला घेऊन हैदराबादला भावाकडं गेले. किल्ली मुनशीजींकडं. सुरुवातीला पत्रं येत होती, जात होती. वकील तिकडंच वारले. मग मुनशीजींनी उत्तर देणं बंद केलं. मग कधीतरी कागदावरही घर यांच्या नावावर झालं.

"कसं झालं?"

"कागद लिखनेवाला आदमी था, बेटी," एवढंच त्या म्हणाल्या.

मी घरी आले आणि त्या माणसाची मला चीड आली. मग तीन जीव आठवले आणि चीडही धड टिकेना. सात दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी पाणी भरायला गेले की ते माझ्या हातांकडं बघत, पत्रबित्र लिहितेय का, म्हणून असावं. मीही त्यांच्या खोलीपुढून जाताना आत बघे.

सातव्या दिवशी दुपारी ते चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन आले. मी बाजूला झाले. त्यांनी कुंचा बुडवला, भिंतीपुढं उभे राहिले. कुंच्यातून चुना घोंगडीवर ठिबकत राहिला.

"खालानं सांगितलं ना?"

"हो."

"ते दोन दिवस मी खोटं बोललो, ते चांगलं बोललो. बाई, ते खोटं मला नंतर मोडता नाय आलं. लोक मला मालक म्हणायला लागले. मी पण ऐकून घेतलं." मग म्हणाले, "तुम्ही पत्र टाकणार."

"नाही. टाकायचं तर तुम्हीच टाका."

"म्हणजे तुम्हाला माझ्याच हातचा कागद पाहिजे. पुरावा."

मला इतका राग आला की मी त्यांच्या हातातून कुंचा काढून घेतला. "करते मीच पांढरी. तुम्ही बसा."

"राहू द्या," ते म्हणाले. बादली उचलली आणि गेले. खोल्या खाली करण्याचं पुन्हा कधी निघालं नाही.

हैदराबादला पत्र त्यांनी चार महिन्यांनी टाकलं. पेटीत टाकायला मला बरोबर घेऊन गेले, साक्षीला. पाकीट आत पडल्यावर पेटी हलवून बघितली.

वकिलांची मुलगी आली ती उन्हाळ्यात, नवऱ्याबरोबर. चाळिशीची, केसांत थोडी चांदी. मुनशीजींनी सकाळपासून चौक तीनदा धुतला होता. धुतलेलं धोतर, काळी टोपी. मी चहा केला, खालाही येऊन बसल्या. मुलगी आतल्या खोलीत आली आणि त्या भिंतीपुढं उभी राहिली. तळवा गेरूवर टेकवला. मग तळव्याला लागलेला रंग बघितला, रुमालानं पुसला आणि खुर्चीत बसली. चहाला हात लावला नाही.

मुनशीजींनी किल्ली आणि घराचा कागद तिच्यापुढं ठेवला. "घर तुमचं आहे. मी कचेरीत येऊन लिहून देतो."

तिनं कागद उचलला नाही. "दस्तखत किस पर करना है?"

"तुम्हाला नाय करायचं. मी करणार."

"क्यों?"

मुनशीजींनी कागद आणखी पुढं सरकवला. "तुमचं आहे म्हणून."

"छब्बीस साल बाद?" तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "मुकदमा होगा कुछ. नहीं तो कोई घर ऐसे देता है?"

"मुकदमा नाय," मुनशीजी म्हणाले. "खालाला विचारा."

खाला म्हणाल्या, "सच बोल रहे, बेटी."

"आप तो यहीं रहती हैं न," मुलगी खालांना म्हणाली. खालांनी मान खाली घातली. मग ती उठली. "अब्बा कहते थे, मुनशी के लिखे हुए काग़ज़ में ग़लती नहीं निकलती. इसीलिए डर लगता है." सलाम करून दोघं गेली. सगळा प्रकार वीस मिनिटांत झाला असेल.

मुनशीजी त्यानंतर तीन वर्षं जगले. ते गेल्यावर कळलं की ती येऊन गेली त्याच आठवड्यात कचेरीत जाऊन त्यांनी घर तिच्या नावावर लिहून ठेवलं होतं, कुणाला न सांगता. कचेरीची नोटीस हैदराबादला गेली तेव्हा ती पुन्हा आली, या वेळी एकटी. आम्ही खोल्या सोडल्या. घर नंतर विकलं गेलं, आता तिथं कापडाचं तीन मजली दुकान आहे. मी जाते कधीमधी.

पण मला आठवते, ती दोघं निघून गेली त्या दिवशीची संध्याकाळ. खाला घरी गेल्या होत्या. मुनशीजी चौकात बसले होते, टोपी मांडीवर. मी भरलेला कप आणून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी कपाकडं बघितलं, मग माझ्याकडं. पहिल्या दिवसासारखं नखांपासून चेहऱ्यापर्यंत नाही, सरळ.

"बाई, तुम्हाला तरी खरं वाटलं का?"

मला हो म्हणायचं होतं. पण तेवढ्यात डोक्यात येऊन गेलं की हा कागद लिहिणारा माणूस, यात याचा काही डाव तर नसेल? एका श्वासाएवढाच वेळ गेला असेल. मग मी म्हटलं, "हो, मुनशीजी."

आयुष्यभर दुसऱ्याच्या चेहऱ्याकडं बघत आलेला माणूस तो. त्याला तेवढा वेळ दिसला.

"बरं," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.